अडीच तासांचे बेट

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातली ही व्याख्या मी फळ्यावर लिहिली आणि तिच्याखाली उदाहरण म्हणून लिहिले, ‘मुंबई’. साल १९८३, पावसाळ्याचे पहिले दिवस. शहापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीवरची जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथीची मिळून तीसेक मुले, कौलांतून ठिबकणारे पाणी आणि त्याखाली ठेवलेली एक परात.

तिसरीतला एक पोरगा उभा राहिला. “गुरुजी, माजा चुलता मुंबईला गेलता. त्याला होडी नाय लागली. आगगाडीनं गेलता.”

मी म्हटले, “मधे खाडी आहे, पण तिच्यावर पूल आहे. म्हणून होडी लागत नाही.”

पोराने थोडा विचार केला. “आमच्या वाडीला तीन बाजूनं व्हळ नि चौथ्या बाजूला डोंगर. व्हळाला पूर आला का कोन येत नाय का जात नाय. पूल बी नाय. मंग आमची वाडी बेट हाय का?”

वर्गात अशा वेळी शिक्षक जे म्हणतो तेच मी म्हटले. “खाली बस.”

त्या काळी आम्ही शहापूर गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. धाकटा भाऊ मशीद बंदरला एका पेढीवर कारकून होता. सकाळी सातला आम्ही दोघे एकदमच घराबाहेर पडायचो. कोपऱ्यापर्यंत बरोबर, मग तो डावीकडे आणि मी उजवीकडे. त्याला तीनेक किलोमीटरवरच्या आसनगाव स्टेशनात जाऊन कसाऱ्याहून येणारी लोकल पकडायची असे, मला एस.टी. स्टँडवरून सुटणारी गाडी. माझी शाळा साडेदहाची होती, पण त्या बाजूला दुसरी गाडीच नव्हती. गाडी मला चौदा किलोमीटरवरच्या फाट्यावर सोडायची. तिथून पुढे सात किलोमीटर पायी. आधी बैलवाट, मग पायवाट, मग व्हळ आणि शेवटी चढ. साडेनऊच्या सुमाराला मी शाळेच्या ओट्यावर बसून चपला झटकत असे.

एका रविवारी भावाने सहज हिशेब काढला आणि आम्ही दोघेही हसलो. तोही साडेनऊच्या सुमारालाच व्ही.टी.च्या फलाटावर उतरत असे. आसनगाव ते व्ही.टी. रेल्वेच्या हिशेबाने ८६ किलोमीटर, स्टेशनपर्यंतचे तीन धरले तर ८९. त्याचे ८९ किलोमीटर आणि माझे २१, दोन्हींना लागणारा वेळ तोच, अडीच तास! “दादा, तुझ्या वाडीपेक्षा मुंबई जवळ आहे,” तो म्हणाला. पावसाळ्यात तर माझे अडीचाचे साडेतीन होत. त्याचेही व्हायचे म्हणा, पण त्याच्या खोळंब्याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात येई.

अंतर किलोमीटरात सांगायचे आणि भोगायचे मात्र तासांत, अशी ही तऱ्हा आहे. आमच्या भागातली माणसे अजूनही “आसनगाव किती लांब?” या प्रश्नाला “अर्धा तास” असे उत्तर देतात. कशाने अर्धा तास, हे विचारणाऱ्याने समजून घ्यायचे.

आता बेट नेमके सुरू कुठे होते, तेही पाहू. मुंबईची सात बेटे आपण शाळेत पाठ केलेली असतात, पण लोकलने रोज जाणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येते की ठाणे शहर हेही बेटावरच आहे? साष्टी हे ते बेट. उत्तरेला वसईची खाडी आणि उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी. म्हणजे शहापूरहून निघालेला माणूस कळवा सोडून खाडीचा पूल ओलांडतो तेव्हा तो बेटावर पाऊल ठेवतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या त्या सुप्रसिद्ध पहिल्या गाडीचे आपण इतके कौतुक करतो, पण ती गाडी बेटे सोडून खऱ्या अर्थाने मुख्य भूमीवर आलीच नव्हती. ३४ किलोमीटर, ५७ मिनिटे, चारशे पाहुणे आणि तोफांची सलामी, हे सारे बेटांवरच. (आजची धीमी लोकलही ठाण्याला जायला साधारण तेवढाच वेळ घेते, हा भाग वेगळा.) खाडीवरचा पूल ओलांडून गाडी कल्याणला आली ती १ मे १८५४ रोजी. आमच्यासाठी रेल्वे सुरू झाली ती त्या दिवशी.

त्याआधी या भागातला माल आणि माणूस बेटावर कसा जाई? बैलगाडीने किंवा डोक्यावरून कल्याणला नाहीतर भिवंडीला आणि तिथून पडावात बसून खाडीने. पडाव सुटणार तो भरती-ओहोटीच्या वेळेवर. म्हणजे मुंबई किती लांब हे तिथीवर ठरत असे. पाणी हुकले की पुढच्या पाण्यापर्यंत बंदरावर बसून राहायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात शीवचा बांध झाला, १८४५ साली माहीमचा झाला. मुंबई बेट साष्टीला जोडले गेले आणि त्यानंतर रूळ आले. कल्याणहून वासिंदला गाडी पोचली १ ऑक्टोबर १८५५ला. वासिंदपासून आसनगाव पुढे अवघे सहा किलोमीटर, पण तिथे ती आली ६ फेब्रुवारी १८६०ला. सहा किलोमीटरना चार वर्षे चार महिने! आमच्या तालुक्यात कामे रेंगाळण्याची परंपरा अशी जुनी आहे. कसारा १ जानेवारी १८६१ आणि थळ घाट चढून इगतपुरी १ जानेवारी १८६५.

या रुळांनी एक उलथापालथ केली, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याण बंदराकडे जाणारा व्यापारी मार्ग आजच्या मुरबाड तालुक्यातून जात होता. घाटाच्या पायथ्याचे वैशाखरे हे गाव आजही माळशेजच्या रस्त्यावर आहे. बैलांच्या तांड्यांच्या त्या जगात मुरबाड वाटेवर होते. रूळ शहापूर तालुक्यातून गेले आणि मुरबाड बाजूला पडले. जमीन तसूभरही हलली नाही, पण एक तालुका बेटाजवळ सरकला आणि दुसरा होता तिथेच राहिला. मुरबाड तालुक्यात आजही रेल्वेचे स्टेशन नाही.

आमच्या ताईला मुरबाडच्या पुढे, टोकावड्याकडे दिले. १९८६ साली तिच्या लग्नात मांडवाखाली बसलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी मेव्हण्यांना छातीठोकपणे सांगितले होते, “चारपाच वर्षांत मुरबाडला गाडी येते आहे.” त्यानंतर सर्वेक्षणे झाली, मंजुऱ्या झाल्या, अर्थसंकल्पात नाव आले. मेव्हण्यांचा नातू आता कॉलेजात जातो. तो कल्याणला जातो तो एस.टी.ने किंवा वडापने. सरळगाव, मुरबाड, मामणोली, गोवेली आणि मग रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल. उल्हासला मोठा पूर आला की हा रस्ता बंद पडतो आणि साऱ्या मुरबाड तालुक्याची अवस्था माझ्या ठाकरवाडीसारखी होते. शहापूरहून ताईकडे जायचे तर किन्हवली-सरळगाव मार्गे रस्ता आहे, पण तिथेही मधे काळू नदी आहेच.

आणि तरीही बेटाचा जीव याच डोंगरांत अडकलेला आहे. १९४२च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले ते याच मुलुखात. २ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या तरुणांनी नकाशा बरोबर वाचला होता. बेट किती लांब आहे हे त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकात पाहिले नाही, डोंगरावरून जाणाऱ्या तारांत पाहिले.

तारांचे जसे, तसेच पाण्याचे. तानसा धरण पुरे झाले १८९२ साली. भातसा त्यानंतर नव्वदेक वर्षांनी. दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची साठवण सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर आहे आणि त्यातली सात लाखांहून अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसाची. भातसाचे पाणी नदीने खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून ते उचलून पांजरापूरला शुद्ध करतात. तानसाचे पाणी मात्र पंपाशिवाय, निव्वळ उताराने बेटाकडे जाते. धरणापासून शहरापर्यंतची ही वाट शंभरेक किलोमीटरची आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना हे जाडजूड काळे नळ तुम्ही पाहिले असतील.

शाळेत मी मुलांना एकदा हे गणित घातले होते. मोठ्या नळातून पाणी साधारण सेकंदाला एक ते दीड मीटर या वेगाने वाहते असे धरले, तर शंभर किलोमीटरला किती वेळ लागेल? उत्तर येते एकोणीस ते अठ्ठावीस तास. म्हणजे पाणी काही धावत जात नाही. ते माणसाच्या चालीने, रमतगमत, एका दिवसात मुंबईला पोचते. पण त्याची गाडी चुकत नाही, त्याला व्हळ आडवा येत नाही आणि पावसाळ्यात त्याचा रस्ता बंद होत नाही. मुलांना गणित आवडले. त्या पोराने मात्र पुन्हा हात वर केला. “गुरुजी, पानी जातंय त्या नळातनं मानूस जाईल का?”

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आमच्या तालुक्याविषयी इतक्यांदा छापून आली आहे की ती आता बोथट झाली. पण एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या पाड्यांतल्या बायकांना ती म्हण नवी वाटत नाही की जुनी वाटत नाही. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना उताराने पाणी आणायची योजना मंजूर झाली आहे. म्हणजे मुंबईच्या पाण्याच्या उशाशी राहणाऱ्यांचे पाणी घाटावरून येणार.

१९८८च्या जुलै महिन्यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या पोराच्या चुलत्याला, तोच तो आगगाडीने मुंबईला जाऊन आलेला, आवणी करताना संध्याकाळी साप चावला. मी त्या दिवशी पावसामुळे शाळेतच मुक्कामाला होतो. घोंगडीची झोळी करून चौघांनी त्याला उचलले. व्हळापर्यंतचे दीड किलोमीटर आम्ही अर्ध्या तासात उतरलो. व्हळ दोन्ही थड्या भरून चालला होता. उन्हाळ्यात ज्याच्यात पोरे गुडघाभर पाण्यात खेकडे धरतात तोच हा व्हळ, चाळीस-पन्नास फूट रुंद. दोघांनी दोर लावून बघितला, पाणी उभे राहू देईना. पलीकडे फाटा, फाट्यावर कुणाची तरी जीप मिळाली असती, शहापूरला दवाखाना होता, दवाखान्यात लस होती. सारे मिळून वीस किलोमीटरही नाही. आम्ही कंदील घेऊन थडीवर बसलो. पाणी उतरायची वाट पाहत बसलो. तो शुद्धीवर होता, बोलत होता. आधी पाय जड झाल्याचे सांगे, मग डोळ्यांच्या पापण्या उचलत नाहीत म्हणाला. मध्यरात्रीनंतर बोलणे थांबले. पहाटे पाणी उतरले तेव्हा त्याला पलीकडे नेऊन उपयोग नव्हता.

त्याच पहाटे कसाऱ्याहून पहिली लोकल वेळेवर सुटली असणार. मला तिचा राग आला होता, हे कबूल करायला हरकत नाही. राग येण्यासारखे तिने काहीच केले नव्हते.

पुढे माझी बदली झाली, मग मी मुरबाडकडे दोन शाळा केल्या आणि निवृत्त झालो. पण बेटाची वाट पाहण्याचा छंद सुटला नाही. त्या वाटेवर पायी जाणारी माणसेही मी पाहिली. मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून आमच्या दारावरून गेला. बायका, म्हातारे, फाटलेल्या चपला. ६ मार्चला निघालेली ही माणसे १२ तारखेला आझाद मैदानावर पोचली. २०२३च्या मार्चमधला मोर्चा वासिंदला थांबला आणि तिथूनच परतला. आणि या दोहोंच्या मधे २०२०चा मे महिना. त्या वेळी माणसे उलट्या दिशेने, बेटाकडून घाटाकडे, डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन चालत होती. आम्ही काही जण आग्रा रोडवर पाण्याचे पिंप आणि चिवड्याची पाकिटे घेऊन उभे राहत असू. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या नळांतले पाणी त्याच चालीने मुंबईकडे निघालेले आणि माणसे मुंबईतून निघालेली. टाळेबंदीत एक दिवसही ते पाणी थांबले नाही.

लोकल मात्र थांबली होती. जूनमध्ये सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१पासून, तीही ठराविक वेळेतच. माझा पुतण्या, म्हणजे त्या मशीद बंदरवाल्या भावाचा मुलगा, परळला नोकरीला होता. त्याने चार महिने भाड्याच्या गाडीत पाच जणांबरोबर जाऊन पाहिले. जायला तीन तास, यायला चार आणि निम्मा पगार गाडीभाड्यात. पाचव्या महिन्यात त्याने नोकरी सोडली. “काका, बेट लांब गेलं,” तो म्हणाला होता. माझ्या वर्गातली गोष्ट त्याने लहानपणी माझ्याच तोंडून ऐकली होती.

ज्यांचा माल नासतो त्यांचे हाल त्याहून वाईट झाले. पावसाच्या तोंडावर आमच्याकडच्या ठाकर-कातकरी बायका शेवळी खुडतात, पुढे टाकळा, कुरडू, कंटोळी येते. मध्यरात्री उठून, पाटीत ओली पाने घालून, पहाटेच्या गाडीने त्या कल्याण, ठाणे, दादरच्या स्टेशनांबाहेर बसतात. अकरापर्यंत विकली ती भाजी. त्यांचे अंतर घड्याळाने मोजायचे नसतेच. पाने कोमेजायला जितका वेळ लागतो तितकेच त्यांचे बेट लांब. त्या सालची शेवळी रानातच राहिली.

आता पुन्हा सारे धावू लागले आहे आणि पूर्वीपेक्षा जोरात. अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला, तो बेटाच्या दुसऱ्या बाजूचा. आमच्या बाजूला ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाटाला बगल देणारा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा त्यातच आहे. पुतण्याने आता स्वतःची गाडी घेतली आहे, ती तो भाड्याने चालवतो. इगतपुरीहून आमण्याला चाळीस मिनिटांत येतो म्हणे. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. डोंगर, दऱ्या, पाडे भराभर मागे पडत होते. माझी वाडी कुठल्या डोंगराआड असेल ते मी शोधू लागलो, तोवर ती गेलीसुद्धा. लोकलच्या बाबतीत मात्र कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालूच आहे आणि आसनगावला दुपारची एक गाडी चुकली की पुढचीसाठी अजूनही घड्याळाकडे बघत बसावे लागते.

गेल्या जुलैत मी वाडीवर गेलो होतो. तो तिसरीतला पोरगा आता पन्नाशीकडे आला आहे. फाटा ते आसनगाव स्टेशन अशी जीप चालवतो, पहाटे भाजीवाल्या बायकांना पहिल्या लोकलला पोचवतो. मला स्टेशनात घ्यायला तोच आला. फाट्यावरून आता आत कच्चा रस्ता झाला आहे आणि व्हळावर साकवही बांधला आहे, ठेंगणा, बिनकठड्याचा. आम्ही पोचलो तेव्हा साकवावरून हातभर पाणी जात होते. त्याने जीप अलीकडे उभी केली, इंजिन बंद केले आणि सीटखालून थर्मास काढला.

“बसा गुरुजी, तासाभरात उतरंल.”

चहा घेता घेता तो पलीकडे बघत होता. चुलत्याला जिथे खाली ठेवले होते तो दगड पलीकडच्या थडीला अजून आहे. त्याविषयी तो बोलला नाही, मीही नाही. मग एकदम म्हणाला, “तवा तुमी मला खाली बस म्हनला. उत्तर दिलंच नाय.”

“हो,” मी म्हटले. “बेटच होती तुझी वाडी.”

“मंग फळ्यावर का नाय लिवली?”

पाणी पावणेपाचला उतरले. वाडीवर पोचायला पाच वाजले. आसनगाव सोडल्यापासून मी वेळ धरलीच होती. अडीच तास.